जमीन थांबल्यानंतर

१९९३ सालची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांत त्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या. गुलालाने माखलेली, नाचून दमलेली पोरं घरी येऊन आडवी झाली आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीखालची जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात एवढ्या ताकदीचे भूकंप दरवर्षी कितीतरी होतात आणि बहुतेकांची बातमीही आपल्यापर्यंत येत नाही. इथे मात्र सुमारे दहा हजार माणसं गेली, ती घरांमुळे. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेलं माळवद. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं तेच छत झोपलेल्या माणसांवर कोसळलं. मागोमाग पाऊस लागला.

अशा आपत्तीनंतर मोजणी सुरू होते. मृत किती, जखमी किती, घरं किती, गुरं किती. ही मोजणी लागतेच, तिच्यावर मदत ठरते. पण ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या सात वर्षांच्या मुलीचं काय गेलं, याचा रकाना कुठल्याही पंचनाम्यात नसतो. तोपर्यंत रात्री भीती वाटली की कुणीतरी जवळ घेऊन 'काही नाही, झोप' म्हणत असे आणि सकाळी उठल्यावर खरंच काही झालेलं नसे. लहानपणाचा सगळा डोलारा या एका अनुभवावर उभा असतो. त्या पहाटे तो अनुभव खोटा ठरला. झोप धोक्याची झाली, भिंत धोक्याची झाली आणि मोठी माणसं आपल्याला वाचवू शकत नाहीत हेही तिला कळून चुकलं. या प्रकरणात विचार करायचा आहे तो जमीन थांबल्यानंतर अशा मुलांच्या मनात काय चालू राहतं याचा. त्याहून जास्त, ते थांबायला कशाची मदत होते याचा.

लेकरू बोलत नाही, पण सांगतं

मोठा माणूस धसका घेतो तेव्हा तो बोलतो, रडतो, निदान 'मला झोप लागत नाही' एवढं तरी सांगतो. लहान मूल हे शब्दांत सांगत नाही. पाच वर्षांचा मुलगा, ज्याची सवय केव्हाच सुटली होती, तो पुन्हा अंथरूण ओलं करू लागतो. बोबडं बोलू लागतो, अंगठा चोखतो, आई संडासला गेली तरी दाराशी उभा राहून रडतो. शाळेच्या वयातल्या मुलांचं पोट दुखतं, डोकं दुखतं. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही, आणि दुखणं मात्र खरं असतं. पाढे विसरले जातात. पूर्वी शांत असलेलं मूल मारामाऱ्या करू लागतं. किशोरवयीन मुलांकडे पाहिलं तर बऱ्याचदा काहीच दिसत नाही, आणि तेच काळजीचं असतं. बारा-तेरा वर्षांची मुलगी अचानक घरातली कर्ती बाई होते, धाकट्यांना सांभाळते, पाणी भरते, एकदाही रडत नाही. शेजारीपाजारी कौतुक करतात: 'पोरगी किती समंजस.' त्या समंजसपणाखाली काय दबलं आहे, हे विचारायला कुणाला सवड नसते.

याखेरीज एक गोष्ट मुलं जवळजवळ कधीच आपणहून सांगत नाहीत: अपराधीपणा. साधारण सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला वाटतं की जगातल्या घटना आपल्या वागण्याने घडतात. आईशी भांडलो, मनात म्हटलं 'तू नकोस', आणि दुसऱ्या दिवशी आई गेली; म्हणजे हे माझ्यामुळेच झालं. मोठ्या मुलांचा अपराधीपणा वेगळा असतो. भावाचा हात सुटला. मी आधी पळालो. मी वाचलो. मोठ्यांना हे हिशेब कळले तर ते एका वाक्यात खोडून काढतील. पण कळतच नाहीत, म्हणून मूल त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं राहतं.

शरीरात काय घडतं, ते थोडक्यात सांगतो. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग विचार करणाऱ्या भागाची वाट न पाहता शरीराला सावध करतो. छाती धडधडते, स्नायू ताठतात, झोप उडते. संकटात हे उपयोगाचं असतं. संकट टळल्यावर ही सावधगिरी उतरायला हवी. आघात झालेल्या मुलात ती उतरत नाही. ट्रक गेला, भिंत किंचित थरारली, की शरीर पुन्हा त्या पहाटेत जातं. अशा वेळी 'उगाच घाबरतोस' म्हणण्यात अर्थ नसतो, कारण मूल ठरवून घाबरत नसतं. आणि भूकंपानंतर तर धक्के महिनोन्महिने चालूच राहतात. तेव्हा त्याची सावधगिरी चुकीची होती असंही म्हणता येत नाही.

बहुतेक मुलांची ही लक्षणं काही आठवड्यांत, काही महिन्यांत ओसरतात. हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे, नाहीतर आपत्तीतून आलेल्या प्रत्येक मुलाकडे आपण रोगी म्हणून पाहू लागतो. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात अँड्र्यू चक्रीवादळ आलं. त्यानंतर ॲनेट ला ग्रेका या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिसरी ते पाचवीच्या मुलांना तीन, सात आणि दहा महिन्यांनी तपासलं. बहुतेकांचा त्रास उतरत गेलेला दिसला. ज्यांचा उतरला नाही, त्यांच्यात मुख्यतः दोन प्रकारची मुलं होती: वादळात जिवावर बेतलेली, आणि वादळानंतरही ज्यांच्या घरातली उलथापालथ थांबली नव्हती ती. आजवरच्या बहुतेक अभ्यासांतून हीच दुसरी गोष्ट वेगवेगळ्या रूपांत पुढे येते.

भूकंप-भूकंप खेळणारी मुलं

२०११ च्या मार्चमध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी झाली. त्यानंतर तिथल्या बालवाड्यांत मुलं एक नवा खेळ खेळू लागली. कुणीतरी ओरडायचं 'त्सुनामी आली', आणि बाकीची टेबलावर, बाकावर चढायची. काही बुडायची, काहींना इतर ओढून काढायची. मोठ्यांच्या अंगावर काटा येई. थांबवावं असं वाटणं स्वाभाविक होतं. बालमनोविकारतज्ज्ञांनी मात्र सांगितलं, जबरदस्तीने थांबवू नका.

खेळ ही मुलाची विचार करण्याची जागा असते. जे अंगावर एकदम आलं, ते खेळात त्याच्या हातात येतं: कधी सुरू करायचं, कुणाला वाचवायचं, कधी संपवायचं, हे तेच ठरवतं. खेळात बदल होत असेल, आज बुडालेला बाहुला उद्या होडीत बसत असेल, तर मन कामाला लागलं आहे असं समजावं. पण एका प्रकारच्या खेळाकडे लक्ष द्यावं लागतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी तो नीट टिपला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाऊचिला गावात शाळेच्या बसमधल्या २६ मुलांचं अपहरण झालं आणि त्यांना जमिनीत पुरलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडण्यात आलं. सगळी सुटली. त्या मुलांना टेर वर्षानुवर्षं भेटत राहिल्या. ती आपत्ती नैसर्गिक नव्हती, पण आघातानंतरच्या खेळाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्याचा मोठा भाग तिथून आला. टेर यांना दिसलं की काही मुलं तोच प्रसंग तसाच, त्याच शेवटासह, आनंद न घेता खेळत राहतात, आणि खेळून त्यांचा जीव हलका होत नाही. अशा खेळात मोठ्याने हळूच शिरावं. 'आता या बाहुलीला कोण सोडवेल?' असं विचारावं. मुलाच्या खेळाला नवा शेवट सुचवणं ही उपचाराची सुरुवात असू शकते, आणि त्यासाठी पदवी लागत नाही. अंगणवाडीच्या ताईंना ते जमेल.

चित्रांचंही तसंच. १९९५ मध्ये जपानमधल्याच कोबे शहरात झालेल्या भूकंपात शेकडो मुलं आई किंवा वडील किंवा दोघांना मुकली. पालक गमावलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या आशिनागा या संस्थेच्या शिबिरात एका मुलाने इंद्रधनुष्य काढलं आणि त्यात काळा रंग भरला. पुढे कोबेत या मुलांसाठी जे घर उभं राहिलं, त्याला 'इंद्रधनुष्याचं घर' हे नाव मिळालं.

न दिसणारं दुःख

मुलांचा त्रास मोठ्यांना दिसत नाही, हे मी वर म्हटलं ते अंदाजाने नव्हे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याला महाचक्रीवादळाने झोडपलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. वर्षभराने डॉ. नीलमाधव कर आणि सहकाऱ्यांनी वादळग्रस्त भागातल्या ४४७ शाळकरी मुलांना तपासलं. ३०.६ टक्के मुलांमध्ये आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, आढळला. म्हणजे जवळपास दर तिसरं मूल वर्षानंतरही त्या वादळात होतं. त्याच मुलांच्या पालकांना आणि शिक्षकांना विचारलं, तेव्हा मानसिक तक्रार असल्याचं त्यांनी फक्त ७.२ टक्के मुलांबद्दल सांगितलं.

या दोन आकड्यांमधलं अंतर मला फार अस्वस्थ करतं. ते पालक निष्काळजी नव्हते. घर गेलेलं, शेतात खारं पाणी, सरकारी मदतीच्या रांगा. अशात गप्प बसणारं मूल म्हणजे शहाणं मूल. शिवाय मूल आईबापांना जपतं. आई रडते हे ते पाहतं आणि आपलं रडणं आवरतं. बाबांसमोर आजीचं नाव काढलं की बाबा उठून जातात हे त्याच्या लक्षात येतं आणि ते नाव काढणं सोडून देतं. म्हणून 'त्याला आठवतही नाही आता' असं जेव्हा घरचे म्हणतात, तेव्हा त्या मुलाशी स्वतंत्रपणे, सावकाश बोलणारं कुणीतरी असायलाच हवं.

आणि मुलाची काळजी करायची तर आधी आईकडे पाहावं लागतं. हे सगळ्यात ठाशीवपणे दाखवलं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी, ख्रिस्ती पंचांगातल्या ॲश वेन्सडेच्या दिवशी, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियात वणवे भडकले. डॉ. अलेक्झांडर मॅकफार्लेन यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आगग्रस्त भागातल्या आठशेहून अधिक शाळकरी मुलांचा दोन, आठ आणि सव्वीस महिन्यांनी मागोवा घेतला. दोन महिन्यांनी पाहिलं तेव्हा मुलं ठीक वाटत होती. आठव्या महिन्यात त्रास वाढलेला दिसला आणि सव्विसाव्या महिन्यातही तो तसाच होता. म्हणजे मदतीच्या गाड्या परतल्या, वार्ताहर परतले, तेव्हा मुलांचं दुःख वर येऊ लागलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलाने आग किती जवळून पाहिली, घरचं किती जळलं, यापेक्षा तीन गोष्टींवर त्याचा पुढचा त्रास जास्त अवलंबून होता: आगीनंतर लगेच आईवडिलांपासून त्याची ताटातूट झाली का, आई अजूनही मनाने आगीतच अडकली आहे का, आणि घरातलं वागणं बदललं का.

यात आईला दोष देण्याचा प्रश्नच येत नाही. तिच्यावर कोसळलेलं कुणी कमी समजू नये. पण या निष्कर्षातून धोरणाला थेट दिशा मिळते. निवारा शिबिरात मुलांसाठी खेळणी वाटणारे पुष्कळ येतात. त्याच शिबिरात आईला रात्री झोप लागावी, तिला दुसऱ्या कुणाजवळ मोकळेपणी रडता यावं, नवऱ्याची भरपाई मिळवायला तिला तहसील कार्यालयात एकटीने खेटे घालावे लागू नयेत, हेही मुलाच्या मनावरचेच उपचार आहेत. बाप दारूकडे वळला असेल तर त्याच्याशी बोलणं, हेही.

कुणाजवळ राहायचं

ताटातुटीचा मुद्दा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ॲना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी तिथे मुलांसाठी संगोपनगृहं चालवत होत्या. त्यांना दिसलं की आईजवळ राहून बॉम्बहल्ले सोसणाऱ्या मुलांपेक्षा, सुरक्षित म्हणून दूर पाठवलेल्या मुलांना बऱ्याचदा जास्त सोसावं लागलं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत अनाथ मुलांना दत्तक घेण्यासाठी लोक पुढे आले, पण राज्य सरकारने घाईची दत्तक प्रक्रिया थांबवली आणि नागपट्टिनमसारख्या जिल्ह्यांत तिथल्या तिथे बालगृहं काढली. इंडोनेशियानेही आचे प्रांतातून सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांशिवाय बाहेर नेण्यावर बंदी घातली. तस्करीची भीती हे एक कारण होतं. दुसरं असं की पहिल्या आठवड्यात अनाथ वाटणाऱ्या मुलाचा मामा किंवा आजी तिसऱ्या आठवड्यात सापडते.

किल्लारीनंतर आपल्याकडे दोन वाटा चोखाळल्या गेल्या. शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादमधली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. त्यातून पुढे वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. दुसरीकडे राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गला, म्हणजे मुलांच्या स्वतःच्या मुलखात, 'आपलं घर' सुरू केलं. या दोन्ही कामांतून मुलं शिकली, उभी राहिली. त्यांचं मोल मोठं आहे. कोणती वाट बरोबर, असा निवाडा मी देणार नाही. पण मुलाच्या मनाच्या बाजूने पाहिलं तर काही प्रश्न दोन्हीकडे विचारले पाहिजेत. भावंडं एकत्र आहेत का? गावाकडची आजी, चुलता यांच्याशी भेट ठरलेल्या वेळी होते का? मुलाची बोली, त्याचं जेवण, त्याचा देव त्याच्यासोबत आहे का? आणि त्याला पुढे काय होणार हे कुणी सांगितलं आहे का, की गाडीत बसवलं आणि नेलं? पुण्याला हजारभर मुलं एकाच मुलखातून एकत्र आली, याचाही आधार असतो. शेजारच्या खाटेवरचं मूलही त्याच पहाटेतून आलेलं असतं.

गावाचं स्थलांतरही एक प्रकारची ताटातूटच. किल्लारी परिसरात पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. घरं भूकंपात टिकतील अशी, रस्ते सरळ, प्लॉट ऐसपैस. पण जुन्या गावातली गल्ली गेली, जिथे पोर कुणाच्याही ओसरीवर दुपार काढायचं आणि कुणाच्याही घरी भाकरी खायचं. इंजिनिअरला ती मोकळी जागा वाटते. मुलाला मात्र त्या मोकळ्या जागेत ओळखीचा दरवाजा सापडत नाही. नवं गाव आखताना शेजार शेजारीच ठेवायचा, एवढं तरी मुलांखातर व्हावं.

आणि जी मुलं त्या क्षणी तिथे नव्हतीच, त्यांचं काय? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाच्या या वाडीतली काही मुलं शिक्षणासाठी आश्रमशाळेत राहत होती, म्हणून वाचली. घरची माणसं गेली. अशा मुलांना आपण नशीबवान म्हणतो. पण ज्याने पाहिलं नाही, ते मूल कल्पना करतं, आणि कल्पनेला शेवट नसतो. आईला कळलं होतं का? तिने हाक मारली का? मी असतो तर? बरीच माणसं ढिगाऱ्याखालून सापडलीच नाहीत, तेव्हा निरोपही नीट देता आला नाही. या मुलांना त्या जागेपर्यंत नेऊन, आपल्या माणसांबरोबर, आपल्या रीतीने निरोप देऊ देणं फार गरजेचं असतं. 'मुलांना कशाला न्यायचं, घाबरतील' असं म्हणून त्यांना मागे ठेवलं जातं. विचारून, तयारी करून, हात धरून नेलेलं मूल न नेलेल्या मुलापेक्षा बहुधा कमी घाबरतं.

काय बोलायचं, किती बोलायचं

काही वर्षांपूर्वीपर्यंत समजूत अशी होती की आपत्तीनंतर लगेच माणसांना एकत्र बसवून सगळं बोलायला लावलं की मन मोकळं होतं. तपासून पाहिल्यावर त्या एका बैठकीच्या पद्धतीचा फायदा दिसला नाही, उलट काहींना अपाय झाला. आता जागतिक आरोग्य संघटना ती सुचवत नाही. आघातानंतरच्या लक्षणांसाठी मुलांना झोपेच्या-शांततेच्या बेंझोडायझेपाइन वर्गातल्या गोळ्या देऊ नयेत असंही ती सांगते. २०११ मध्ये तिने इतर संस्थांसह 'मानसिक प्रथमोपचार' या नावाची पुस्तिका काढली. तिचं सूत्र साधं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कुणाला काय हवं आहे ते पाहा. सांगतील तेवढं ऐका, खोदू नका. आणि त्यांची माणसं, दवाखाना, शिधा, माहिती यांच्याशी त्यांना जोडून द्या. मुलाच्या तोंडापुढे माईक धरून 'तेव्हा तुला काय वाटलं?' विचारणारे वार्ताहर नेमकं याच्या उलट करतात. कुठल्याही शिबिराच्या प्रमुखाने त्यांना दारातच अडवावं.

खोदायचं नाही याचा अर्थ लपवायचं असा नाही. आईच्या मृत्यूबद्दल मुलाला खरं सांगावं लागतं, त्याच्या जवळच्या माणसाने, साध्या शब्दांत. 'आई झोपली आहे' ऐकलेलं मूल स्वतः झोपायला घाबरतं. 'आई लांब गावाला गेली आहे' ऐकलेलं मूल वाट पाहतं, मग रागावतं: मला न सांगता गेली? 'देवाघरी गेली' हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेलं आहे, आणि श्रद्धेच्या घरात ते वाईट नाही. पण त्यासोबत एवढं स्पष्ट असावं की आई मेली आहे, तिचं शरीर आता चालत नाही, तिला दुखत नाही, ती परत येणार नाही, आणि यात तुझी काहीही चूक नाही. हे शेवटचं वाक्य मुलाने विचारलं नसलं तरी सांगावं. एकदा सांगून भागत नाही. सहा महिन्यांनी ते पुन्हा तोच प्रश्न विचारेल, तेव्हा पुन्हा तितक्याच शांतपणे.

आणि भूकंप का होतो हेही सांगावं. पाचवीतल्या मुलाला जमिनीखालचे खडक, त्यांवरचा ताण, तो एकदम मोकळा होणं हे समजतं. कुणाच्या पापामुळे झालं, कोपामुळे झालं, अशी बोलणी मुलांच्या कानावर पडतच असतात. विज्ञानाच्या तासाला एक समजूतदार गुरुजी त्या बोलण्यांतला अपराध काढून टाकू शकतात. पुन्हा धक्का आला तर कुठे उभं राहायचं, धाकट्याला कसं धरायचं, हे शिकलेल्या मुलाच्या हातात काहीतरी असतं. जपानमधल्या कामाइशी शहरात २०११ च्या त्सुनामीवेळी शाळकरी मुलं आधी केलेल्या सरावाप्रमाणे उंचावर धावली आणि वाटेत लहानांना सोबत घेतलं. वाचण्यात आपलाही हात होता, हे माहीत असलेलं मूल पुढे त्या आठवणीकडे वेगळ्या नजरेने पाहतं.

ज्यांना एवढ्याने पुरत नाही, त्यांच्यासाठी खरे उपचार आहेत, आणि ते उशिरा झाले तरी उपयोगी पडतात. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा दुपारचे बारा व्हायचे होते. मुलं वर्गात होती, शाळा कोसळल्या, पंचवीस हजारांवर माणसं गेली. दीड वर्षाने गुमरी शहरातल्या काही शाळांमध्ये डॉ. आर्मेन गोएनजियान यांच्या गटाने किशोरवयीन मुलांसाठी उपचार केले. वर्गात थोड्या सामूहिक बैठका, प्रत्येकाशी एकदोनदा स्वतंत्र बोलणं, सगळं मिळून तीन आठवडे. आघाताची आठवण आणि माणूस गेल्याचं दुःख या दोन्हींवर तिथे काम झालं. हे एकत्र होणं महत्त्वाचं आहे, कारण ढिगाऱ्यातून काढलेल्या वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढून जात नसेल, तर मुलाला वडील आठवताच येत नाहीत. आठवायला गेलं की तोच चेहरा येतो. भूकंपाला तीन वर्षं झाल्यावर पुन्हा पाहिलं, तेव्हा उपचार मिळालेल्या मुलांची आघाताची लक्षणं कमी झाली होती. जवळच्याच, पण उपचार न मिळालेल्या शाळांमधल्या मुलांची वाढली होती, आणि त्यांच्यात नैराश्यही वाढलं होतं. काळ हे औषध आहे असं आपण म्हणतो. या मुलांच्या बाबतीत नुसता काळ पुरला नाही.

वर्षातून दोनदा

आठवणींनाही दिवस असतात. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमधल्या अंजार गावात प्रजासत्ताक दिनाची मुलांची फेरी अरुंद बाजारपेठेतून चालली होती. दोन्ही बाजूंच्या इमारती त्यांच्यावर कोसळल्या. सुमारे १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. मागे राहिलेल्या त्यांच्या वर्गमित्रांसाठी झेंडावंदनाची ती सकाळ काय झाली असेल? लातूरच्या मुलांसाठी तर हे दिवस दोन: तारखेने ३० सप्टेंबर आणि तिथीने अनंत चतुर्दशी. एक वर्तमानपत्रातून येतो, दुसरा ढोल-ताशांतून. इर्शाळवाडीच्या मुलांना मुसळधार पावसाची प्रत्येक रात्र आहे.

या दिवसांत मूल चिडचिड करतं, झोपत नाही, आजारी पडतं, आणि कारण त्यालाही कळत नाही. शिक्षकांना ते माहीत असलं पाहिजे. दिवस आधीच जवळ घेऊन, मुलांना विचारून, काहीतरी एकत्र करावं: झाड लावावं, गेलेल्यांची नावं वाचावीत, कुणाला यायचं नसेल तर न येण्याची मोकळीक द्यावी. पावसाच्या रात्री आश्रमशाळेत दिवा चालू ठेवावा आणि कुणीतरी जागं असावं.

शाळा लवकर सुरू व्हावी, हे मात्र सगळीकडे खरं ठरलं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये असो, झाडाखाली असो. घंटा, हजेरी, खिचडी, ठरलेल्या वेळी सुट्टी. पुढच्या तासाला काय होणार हे मुलाला पुन्हा आधी कळू लागतं, आणि भूकंपाने नेमकं तेच हिरावलेलं असतं. पहिले काही आठवडे अभ्यासक्रम मागे पडला तरी चालेल. गाणी, खेळ, चित्रं चालू राहावीत. फक्त लक्षात ठेवावं की बाईही त्याच गावातल्या आहेत, त्यांचंही घर पडलेलं असू शकतं. त्यांच्याकडून सगळं मागायचं आणि त्यांच्या दुःखाला जागा द्यायची नाही, असं केलं तर पूर्वी चांगलं शिकवणारं माणूसही थकून जातं.

कोबेत हे ओळखलं गेलं. तिथल्या ह्योगो प्रांताने भूकंपग्रस्त भागातल्या शाळांसाठी खास शिक्षक नेमले. वर्ग शिकवणं हे त्यांचं मुख्य काम नव्हतं. कोणतं मूल गप्प झालं आहे, कुणाच्या घरी काय चाललं आहे हे पाहणं, मुलाशी बोलणं आणि पालकांना भेटणं हे होतं. प्रांताने दरवर्षी अशा मदतीची गरज असलेल्या मुलांची मोजणी केली. ती संख्या चार हजारांच्या आसपास होती, आणि १९९९ पर्यंत, म्हणजे भूकंपानंतर चार वर्षं उलटली तरी, ती उतरली नव्हती. सुरुवातीला मुलांना भूकंपाची भीती होती. पुढे कारणं बदलत गेली: तात्पुरतं घर, पुन्हा बदललेली शाळा, वडिलांची गेलेली नोकरी, आईबापांची भांडणं.

आपल्याकडे आपत्तीनंतर समुपदेशकांची पथकं जातात आणि काही आठवड्यांत परततात. ओडिशा आणि आर्मेनियाचे आकडे पाहिल्यावर आणि कोबेची मोजणी वाचल्यावर मला वाटतं, दरड किंवा पूर किंवा भूकंप झालेल्या प्रत्येक गावच्या शाळेत निदान पाच वर्षं असा एक जास्तीचा शिक्षक असावा. शक्यतो तिथल्याच बोलीचा, प्रशिक्षण दिलेला, निवडणूक आणि सर्वेक्षणाच्या ड्युटीतून वगळलेला आणि बदली न होणारा. त्याच्या पगाराची रक्कम पुनर्वसनाच्या अंदाजपत्रकात, रस्ते, पाणी आणि घरं यांच्या खर्चासोबत, पहिल्याच दिवशी धरलेली असावी.